परका फ्लॅश आणि घरचा कॅमेरा

लग्नसराई जवळ आली की आमच्या पत्रपेटीत छायाचित्रणाविषयीच्या पृच्छा वाढू लागतात, हा आता नेहमीचाच अनुभव झाला आहे. या खेपेस एकाच विषयावरची दोन पत्रे पाठोपाठ आली. बडोद्याचे एक गृहस्थ लिहितात, “वडिलांचा फिल्मच्या काळातील फ्लॅश कपाटात जपून ठेवलेला आहे. मुलाने नवा डिजिटल कॅमेरा घेतला. परंतु जुना फ्लॅश लावल्यास कॅमेरा जळेल, असे तो म्हणतो. हे खरे काय?” बेळगावच्या एका भगिनीचा प्रश्न निराळा आहे. घरातील कॅमेरा एका कंपनीचा असून दुकानदार दुसऱ्याच कंपनीचा फ्लॅश पुढे करीत आहे. त्याची किंमत निम्म्याहून कमी. भाच्याच्या मुंजीपूर्वी तो घ्यावा की घेऊ नये?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तरही आम्ही एकत्रच देतो. विषय यंत्राचा असला तरी तो क्षुल्लक मानू नये. मातृभोजनाच्या वेळी आईच्या ताटात बसलेला बटू किंवा अंतरपाट दूर होताच वधूवरांच्या मुखावर उमटलेला भाव पुन्हा उभा करता येत नाही. आपली मंडळी इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बडोदे अशी गावोगाव विखुरलेली आहेत. आत्या, मामा, आजोळची माणसे वर्षानुवर्षांनी एखाद्याच कार्याला एकत्र जमतात. त्या दिवशी फ्लॅश उडालाच नाही, किंवा उडूनही चित्र पांढरेफटक आले, तर पैसे परत मिळू शकतील, तो दिवस मिळणार नाही.

आता मुळाशी जाऊ. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवून बसविण्याची जी धातूची खाच असते, तिला ‘हॉट शू’ म्हणतात. तिच्या मधोमध एक मोठा संपर्कबिंदू असतो. कॅमेऱ्याचा पडदा पूर्ण उघडला की हा बिंदू आणि खाचेच्या कडा यांच्यातील विद्युतमंडल जुळते आणि फ्लॅश उडतो. ही मांडणी पुष्कळ जुनी असून बहुतेक कंपन्यांनी ती मान्य केलेली आहे. या मधल्या बिंदूला एकच शब्द ठाऊक असतो, ‘आता!’ किती प्रकाश द्यावा, माणूस किती अंतरावर आहे, भिंगाचे छिद्र केवढे आहे, यांपैकी काहीही तो सांगू शकत नाही.

मोठ्या बिंदूभोवती आणखी काही बारीक बिंदू दिसतील. खरी गुंतागुंत तेथे आहे. त्यांच्यावाटे कॅमेरा आणि फ्लॅश यांचे सविस्तर बोलणे चालते, आणि प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असते. कॅननची ई-टीटीएल, निकॉनची आय-टीटीएल, सोनीची आणखी तिसरी. बिंदूंची जागाही एकसारखी नसते. आपल्या घरांत मराठी चालते, शेजारच्या घरात गुजराती किंवा कानडी चालते, आणि बाजारात उभयतांना समजेल अशा मोजक्या शब्दांवर काम भागते. फ्लॅशचे अगदी तसेच आहे. बाजारातला तो एक शब्द सर्वांना कळतो, घरातले बोलणे मात्र ज्याचे त्यालाच.

काही घरांनी तर दाराची चौकटच बदलली होती. मिनोल्टा कंपनीने १९८८ साली सर्वमान्य खाच सोडून स्वतःची निराळी खाच काढली. २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोनीकडे गेला आणि तीच खाच सोनीच्या कॅमेऱ्यांवर आली. २०१२ पासून सोनीने पुन्हा सर्वमान्य आकाराची खाच स्वीकारली. म्हणून कोणाकडे त्यापूर्वीचा सोनी अल्फा कॅमेरा असेल, तर परका फ्लॅश त्यावर सरळ बसणार नाही, मध्ये जोडखाच घ्यावी लागेल.

परका फ्लॅश म्हणजे सगळे एकाच जातीचे, असे मात्र नव्हे. त्यांचे चार प्रकार ओळखता आले की अर्धे काम झाले.

पहिला प्रकार केवळ हाताने चालवावयाचा. त्याच्या पायाला एकच बिंदू असतो. गोडॉक्सचा टीटी ६०० किंवा योंगनुओचा वायएन ५६० हे या प्रकारातले. किती प्रकाश द्यावयाचा ते आपणच ठरवावयाचे, पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश असे. हा फ्लॅश मधला बिंदू असलेल्या जवळजवळ कोणत्याही कॅमेऱ्यावर उडतो.

दुसरा प्रकार स्वतःचा डोळा असलेला. याच्या दर्शनी भागावर एक लहानसे छिद्र असते. समोरच्या माणसावरून परतलेला प्रकाश तो स्वतःच मोजतो आणि पुरेसा झाला की झोत आपण होऊन तोडतो. फिल्मच्या काळातील पुष्कळ चांगले फ्लॅश असेच होते. यांना कॅमेऱ्याशी बोलावेच लागत नाही. त्यामुळे वडिलांच्या कपाटातील फ्लॅश या प्रकारचा असेल, तर तो डिजिटल कॅमेऱ्यावरही उत्तम काम देऊ शकतो. फ्लॅशच्या तबकडीवर आयएसओ लावावा, ती जे छिद्र दाखवील तेच कॅमेऱ्यावर लावावे, एवढेच करावयाचे.

तिसरा प्रकार फसवा आहे. १९७५ साली ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने एक नवी युक्ती आणली. फ्लॅश उडत असताना फिल्मच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतच मोजावयाचा आणि वेळेवर फ्लॅशला थांबवावयाचे. पुढे इतर कंपन्यांनीही हीच पद्धत स्वीकारली. परंतु डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नाही, आणि तिच्या जागी असलेल्या संवेदकाच्या काचेवरून प्रकाश फिल्मप्रमाणे पसरून परतत नाही. म्हणून नव्या पद्धतीत मुख्य झोतापूर्वी क्षणभर एक मंद झोत सोडून मोजमाप केले जाते. जुन्या फ्लॅशला हा पूर्वझोत ठाऊकच नसतो. परिणामी फिल्मच्या काळातील टीटीएल फ्लॅश, अगदी त्याच कंपनीचा असला तरी, डिजिटल कॅमेऱ्यावर बहुधा पूर्ण शक्तीने उडतो आणि चेहरे पांढरे पडतात. घराणे एक असले तरी आजोबांची भाषा नातवाला कळत नाही, तसे हे होते. मात्र अशा फ्लॅशवर ‘ए’ किंवा ‘एम’ अशी खूण असेल, तर त्या खुणेवर ठेवून त्याला वापरता येते.

चौथा प्रकार म्हणजे दुसऱ्याची बोली शिकलेला फ्लॅश. सिग्मा, मेट्झ, निसिन यांनी पूर्वीपासून, आणि गोडॉक्स, योंगनुओ या चिनी कंपन्यांनी अलीकडच्या काळात, असे फ्लॅश बाजारात आणले. येथे ग्राहकाने एका अक्षराकडे नीट पाहावे. गोडॉक्सच्या टीटी ६८५ या एकाच नावाच्या फ्लॅशमध्ये ‘सी’ म्हणजे कॅननसाठी, ‘एन’ म्हणजे निकॉनसाठी, ‘एस’ म्हणजे सोनीसाठी, ‘एफ’ म्हणजे फुजीफिल्मसाठी, ‘ओ’ म्हणजे ऑलिंपस व पॅनासॉनिकसाठी. अक्षर चुकले की तोच फ्लॅश पुन्हा एका शब्दावर येतो. शिवाय ही बोली कानाने ऐकून शिकलेली असते. कंपनीने नवा कॅमेरा काढून बोलण्यात थोडा फरक केला, तर परका फ्लॅश गोंधळतो. म्हणून ज्याची आतील आज्ञावली संगणकाला जोडून सुधारून घेता येते, असाच फ्लॅश पसंत करावा.

आता बडोद्याच्या मुलाच्या शंकेकडे वळू. त्याचे म्हणणे निराधार नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात फ्लॅश उडविण्यासाठी धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकत असत. त्यांना मोठ्या दाबाच्या विजेचे भय नव्हते. त्यामुळे जुन्या फ्लॅशच्या पायावर मोठा दाब ठेवण्यात कोणालाच गैर वाटले नाही. व्हिविटार २८३ हा एके काळी घरोघरी पोहोचलेला फ्लॅश घ्या. त्याच्या सुरुवातीच्या नगांवर २०० व्होल्टहूनही अधिक दाब आढळतो, तर नंतरच्या नगांवर तो अगदी थोडा असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. डिजिटल कॅमेऱ्यात पट्ट्यांच्या जागी नाजूक अर्धवाहक कळ आली. तिच्या सोसण्याला मर्यादा आहे. आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात ही मर्यादा २४ व्होल्ट धरलेली आहे. काही कॅमेरे याहून कितीतरी अधिक सोसतात. निकॉनच्या अनेक माहितीपुस्तिकांत २५० व्होल्टपेक्षा जास्त किंवा उलट्या दिशेचा दाब देऊ नये, असा इशारा छापलेला आहे. पण आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा पुस्तिकेत सापडली नाही, तर २४ चा आकडाच धरून चालावे.

हा दाब मोजणे कठीण नाही. गल्लीतील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही पाच मिनिटांत मोजून देईल. फ्लॅशमध्ये ताजे सेल घालावेत, तयारीचा दिवा लागू द्यावा, आणि डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक सळई पायाच्या मधल्या बिंदूला व दुसरी बाजूच्या धातूला लावावी. काट्याचा जुना मीटर वापरू नये. तो स्वतःच थोडी वीज ओढून घेत असल्याने आकडा खोटा, म्हणजे कमी दाखवितो. मोजताना बोटे धातूला लागू देऊ नयेत. मोठा दाब आढळला तरी फ्लॅश टाकून देण्याचे कारण नाही. मध्ये बसवून दाब उतरविणारा वाइन सेफ-सिंक यासारखा जोड मिळतो. आणि एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. फ्लॅश घरी उघडू नये. त्यातील धारित्र सुमारे ३०० व्होल्टवर भरलेले असते आणि सेल काढल्यानंतरही ते पुष्कळ वेळ तसेच राहते. त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

दाबाचा प्रश्न मिटला की वेगाचा येतो. कॅमेऱ्यातील पडदा दोन भागांचा असतो. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्यामागून मिटत येतो. एका ठरावीक वेगापर्यंत, बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या २०० व्या किंवा २५० व्या भागापर्यंत, एक क्षण असा मिळतो की संपूर्ण चौकट उघडी असते. फ्लॅश त्याच क्षणी उडावा लागतो. याहून वेग वाढविला तर दुसरा पडदा आधीच निघालेला असतो आणि चित्राच्या एका कडेला काळा पट्टा उमटतो. स्वतःच्या कंपनीचा फ्लॅश लावल्यास कॅमेरा बहुधा वेग आपण होऊन आवरतो. परका फ्लॅश लावला असता त्याला कल्पनाच नसते. तेव्हा कॅमेरा ‘एम’ वर ठेवून वेग आपल्या हाताने १२५ किंवा १६० वर लावावा हे बरे.

आता प्रकाशाचा हिशेब. तो तोंडी करता येण्याजोगा आहे. प्रत्येक फ्लॅशला एक मार्गदर्शक अंक असतो. त्याला अंतराने भागले की छिद्राचा आकडा मिळतो. आयएसओ १०० ला अंक २८ मीटर असेल आणि माणूस साडेतीन मीटरवर असेल, तर २८ भागिले ३.५ म्हणजे ८. छिद्र एफ/८ लावावे. आयएसओ ४०० केला की अंक दुप्पट, म्हणजे ५६ होतो, आणि त्याच छिद्राला सात मीटरपर्यंत पोहोच मिळते. फ्लॅशची शक्ती पूर्णावरून पाव केली की अंक निम्मा होतो. ग्राहकाने येथेही सावध राहावे. खोक्यावर ठळकपणे छापलेला अंक हा बहुधा झोत सर्वांत अरुंद केला असतानाचा असतो. कुटुंबाचे समूहचित्र घेताना झोत रुंद करावा लागतो, त्या वेळी हा अंक बराच उतरतो.

सरळ तोंडावर मारलेल्या फ्लॅशने नाके चकाकतात आणि मागच्या भिंतीवर काळ्या सावल्या पडतात. म्हणून फ्लॅशचे डोके वर वळवून प्रकाश छतावरून परतवावा. मात्र आपल्या घरांची छते एकसारखी नाहीत. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगविलेले सपाट छत असेल तर परतलेला प्रकाश मऊ आणि समाधानकारक येतो. जुन्या वाड्यांतील तुळया आणि लाकडी पाटया मात्र प्रकाश गिळून टाकतात आणि उरलेल्याला तपकिरी छटा देतात. हिरव्या-निळ्या भिंतींचा रंगही चेहऱ्यांवर उतरतो. अशा वेळी प्रकाश पांढऱ्या चादरीवरून परतवावा. हिशेबात अंतर धरताना फ्लॅशपासून छतापर्यंत आणि तेथून माणसापर्यंतचे धरावे, आणि वाटेतील नासाडीपोटी छिद्र आणखी सुमारे दोन पायऱ्या मोठे करावे. वरच्याच फ्लॅशने, आयएसओ ४०० ला, एकूण चार मीटरची वाट असेल तर ५६ भागिले ४ म्हणजे १४, आणि दोन पायऱ्या उतरून सुमारे ७. म्हणजे एफ/५.६ पासून प्रयोगास सुरुवात करावी. तान्ह्या बाळाच्या बारशात तर फ्लॅश छताकडेच वळवावा, पाळण्यासमोर नव्हे.

नवीन कॅमेऱ्यांच्या काही खोड्याही सांगून ठेवतो, कारण त्यांमुळे चांगला फ्लॅश विनाकारण बदनाम होतो. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात पडद्यावर चित्र आधीच दिसते. परका फ्लॅश जोडलेला कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून तो खोलीतल्या अपुऱ्या उजेडाप्रमाणे काळेकुट्ट चित्र दाखवितो. यादीत शोधून ही पूर्वदर्शनाची सोय बंद करावी. दुसरे असे की, आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवीतच नाहीत. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांतही पडद्यावर पाहून मूकपणे छायाचित्र घेण्याची सोय चालू असेल, तर परका फ्लॅश गप्प राहतो. ती बंद केली की तो बोलू लागतो.

याहून गंभीर बाब म्हणजे मधला बिंदूच काढून टाकलेले कॅमेरे. कॅननने २०१८ च्या ३०००डी आणि २०१९ च्या २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या खाचेत हा बिंदू ठेवलेला नाही. पहिल्या व दुसऱ्या प्रकारचे फ्लॅश त्यांवर उडूच शकत नाहीत, कारण बाजारातला तो एक शब्दच तेथे उरलेला नाही. तेथे कॅननचा स्वतःचा, किंवा त्याची बोली चांगली येत असलेला फ्लॅशच लागतो. म्हणून कॅमेरा घेतानाच खाचेत डोकावून पाहावे. मधोमध मोठा गोल बिंदू दिसला तर बरे, न दिसला तर पुढचा खर्च समजून घेऊनच पैसे मोजावेत.

खाचेचा संबंधच नको असेल तर आणखी एक वाट आहे. पुष्कळ फ्लॅशमध्ये दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडण्याची सोय असते. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅश उडाला की कोपऱ्यात ठेवलेला मोठा फ्लॅशही उडतो. यात कॅमेरा व फ्लॅश यांना जोडणारी तार नसल्याने कॅमेऱ्याला धोका नाही. फक्त कॅमेऱ्यातील फ्लॅश पूर्वझोत सोडीत असेल, तर कोपऱ्यातला फ्लॅश फसून आधीच उडतो. अशा फ्लॅशवर बहुधा ‘एस १’ व ‘एस २’ अशा दोन खुणा असतात. पूर्वझोत असताना ‘एस २’ लावावी. मंडपात इतरांचेही फ्लॅश उडत असतील, तेथे मात्र ही युक्ती निरुपयोगी, कारण हा कोणाच्याही हाकेला ओ देतो. तेथे रेडिओलहरींवर चालणारा जोड घ्यावा.

सेलविषयी थोडेसे. पुन्हा भारता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल फ्लॅशला सर्वांत सोयीचे. ते १.२ व्होल्टचे असले तरी वीज चटकन देतात आणि फ्लॅश लवकर तयार होतो. साधे सेल आत राहून पाझरले तर फ्लॅशचा नाश करतात, म्हणून कार्य संपताच ते काढून ठेवावेत. वर्षानुवर्षे न वापरलेला फ्लॅश काढला, तर दिवा लागल्यावर काही मिनिटे तसाच ठेवून, मग सावकाश पाचसहा वेळा उडवावा. त्यातील धारित्र त्यामुळे पुन्हा कामास लागते. पूर्ण शक्तीने भराभर उडवीत राहिल्यास फ्लॅश तापतो, हेही ध्यानी असू द्यावे.

तात्पर्य असे. जुना फ्लॅश दाब मोजल्याशिवाय लावू नये. मोजून योग्य ठरला आणि त्याला स्वतःचा डोळा असेल, तर तो आनंदाने वापरावा. नवा परका फ्लॅश घेण्यास हरकत नाही, परंतु अक्षर पाहून, आणि शक्यतो आपला कॅमेरा दुकानात नेऊन, दहाबारा चित्रे तेथेच काढून घ्यावा. ज्यांना आकड्यांचा कंटाळा नाही, त्यांना एका बिंदूचा स्वस्त फ्लॅश पुरतो. माणसे सतत हालत असतील, जसे वरातीत किंवा भोजनाच्या पंगतीत, तेथे बोली जाणणारा फ्लॅश हिशेबाचा भार हलका करतो. आणि कोणताही फ्लॅश असो, कार्याच्या आधीच्या रविवारी घरच्या मंडळींना त्याच खोलीत, रात्रीच्या उजेडात बसवून रंगीत तालीम घ्यावी. दोन, तीन आणि पाच मीटरला कोणते छिद्र योग्य ठरले ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फ्लॅशच्या पाठीवर चिकटवावी. मुहूर्ताच्या घाईत भागाकार कोणालाच सुचत नाही, चिठ्ठी मात्र वाचता येते.

कोणत्या कॅमेऱ्यावर कोणता परका फ्लॅश नीट चालला, हे ज्या वाचकांनी स्वतः करून पाहिले असेल, त्यांनी कॅमेऱ्याचे व फ्लॅशचे पूर्ण नाव आणि मोजलेला दाब यांसह आम्हांस अवश्य कळवावे. इतर घरांना त्याचा उपयोग होईल.